कोल्चिसिन ०.५ मिलिग्रॅम: तापाला पैकीच्या पैकी, पाठीला काठावर पास

गोव्यातल्या कुठल्याही फार्मसीत कोल्चिसिन मागितले की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, यूरिक अ‍ॅसिड वाढलेय का? विचारणाऱ्याची चूक नाही, आपल्याकडे ही गोळी खपते ती गाउटसाठीच, म्हणजे यूरिक अ‍ॅसिडने सांधे सुजण्याच्या आजारासाठी. हे परीक्षण वेगळ्या गिऱ्हाइकासाठी आहे. फॅमिलियल मेडिटरेनियन फीव्हर, म्हणजे एफएमएफ, या आनुवंशिक तापाचे निदान झालेले आणि तापाच्या जोडीला पाठ, खुबा, गुडघा किंवा टाच धरणारे जे थोडे लोक आपल्यात आहेत, त्यांना ही गोळी रोज आणि बहुधा जन्मभर घ्यायची असते. त्यांच्यासाठी ती कशी आहे, कुठे कमी पडते आणि कमी पडली की पुढे काय, एवढेच इथे पाहायचे आहे.

आधी माल. भारतात ती ०.५ मिलिग्रॅमची मिळते, झायकॉल्चिन, गाउटनिल अशा नावांनी. स्वस्त आहे, दिवसाला तीन गोळ्या लागल्या तरी खर्च हॉटेलातल्या चहा-भाजीपावाच्या पुढे जात नाही. आकाराने लहान, चवीचा प्रश्न नाही, फ्रीज लागत नाही. खोट एकच. दुकानदार ती गाउटच्या हिशेबाने, चार-दोन पट्ट्या ठेवतो. तीन गोळ्या रोज म्हणजे महिन्याला ९०, दहाच्या पट्ट्या असतील तर नऊ. तेव्हा ठरलेल्या एका दुकानाला महिन्याचा आकडा सांगून ठेवावा, नाहीतर चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्यात म्हापशापासून मडगावपर्यंत फोन फिरवत बसावे लागते.

मात्रा नेहमी मिलिग्रॅममध्ये मोजा, गोळ्यांत नको. पोर्तुगाल, इंग्लंड किंवा आखातात कोणी नाही असे घर गोव्यात शोधावे लागेल, आणि तिकडून औषधे येतच असतात. इंग्लंडची गोळी ५०० मायक्रोग्रॅमची, म्हणजे आपल्याएवढीच. अमेरिकेची ०.६ मिलिग्रॅमची. फ्रान्समध्ये १ मिलिग्रॅमचीही मिळते. ‘सकाळी एक, रात्री दोन’ हे फ्रान्सच्या गोळीवर पाळले तर मात्रा सरळ दुप्पट होते, आणि या औषधात दुप्पट ही गंमत नव्हे.

पाकिटातले पत्रक वाचून गोंधळ होणार हेही आधीच सांगायला हवे. ते गाउटसाठी लिहिलेले असते: दुखणे उसळले की सुरुवातीला जास्त, तासाभराने पुन्हा थोडी, मग थांबा. एफएमएफमध्ये हे गणित उलटे आहे. इथे गोळी झटका येऊ नये म्हणून घ्यायची, दुखत नसतानाही. झटका सुरू झाल्यावर जादा गोळ्या घेऊन तो फारसा आटोपत नाही. जुलाब मात्र हमखास होतात. झटक्यात रोजची मात्रा तशीच चालू ठेवायची आणि ताप-दुखण्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेले पॅरासिटामॉल किंवा सूज उतरवणारे वेदनाशामक घ्यायचे.

सुरुवातीची मात्रा साधारण अशी असते: पाच वर्षांखालील मुलाला दिवसाला ०.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, पाच ते दहा वर्षांत ०.५ ते १, त्यापुढे आणि मोठ्या माणसाला १ ते १.५. झटके थांबले नाहीत तर अर्ध्या मिलिग्रॅमच्या पायरीने वाढवत नेतात. मुलांत २ आणि मोठ्यांत ३ मिलिग्रॅम ही वरची हद्द, तीही पोटाने आणि मूत्रपिंडांनी साथ दिली तर. दिवसाची मात्रा एकदम घेतली तरी चालते. पोट बिघडते त्यांनी दोन वेळांत वाटून घ्यावी.

या कामगिरीत गोळीला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही. १९७२ मध्ये स्टीफन गोल्डफिंगर या अमेरिकी डॉक्टरने ती एफएमएफला लागू पडते असे कळवले, १९७४ पर्यंत नियंत्रित चाचण्यांनी त्याला दुजोरा मिळाला आणि १९८६ मध्ये इस्रायलच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की नियमित घेणाऱ्यांची मूत्रपिंडे अमायलॉइडपासून वाचतात. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत मोलाची. दोन-तीन दिवसांचा ताप, पोटदुखी, छातीत कळ, सुजलेला घोटा हे सारे येते आणि जाते. पण सूज आतून धुमसत राहिली तर रक्तातले अमायलॉइड ए हे प्रथिन मूत्रपिंडात साचते, आणि त्याची पहिली खूण लघवीत उतरणारे प्रथिन हीच असते. ते डोळ्यांना दिसत नाही, दुखतही नाही. म्हणून झटके बंद असले तरी सहा महिन्यांनी एकदा लघवीतले प्रथिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारे), सीआरपी (दाहाची रक्तातली खूण), रक्तातल्या पेशी आणि यकृताची तपासणी करायची. सीआरपी झटका नसताना द्यावे. झटक्यात ते वाढलेलेच असते, त्यातून नवीन काही कळत नाही.

दोष आता. पहिला जुलाब. मात्रा एकदम चढवली की होतो. दुसरे कारण लोकांच्या ध्यानात येत नाही: कोल्चिसिनने काहींच्या आतड्याची दूध पचवण्याची ताकद कमी होते. अशांनी गोळी बंद करण्याआधी काही दिवस दूध आणि दुधाचा चहा बंद करून बघावा. पेज, सोलकढी, शीत-कडीवर गोंयकाराचे काही अडत नाही. मात्रा अर्ध्या मिलिग्रॅमने खाली आणून आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा वर नेणे हाही मार्ग आहे, डॉक्टरांना विचारून.

दुसरा दोष जास्त गंभीर, कारण तो दुसऱ्या औषधाच्या पाकिटातून येतो. कोल्चिसिन शरीराबाहेर टाकणारी यंत्रणा काही औषधे अडवून धरतात. क्लॅरिथ्रोमायसिन हे त्यातले सर्वांत कुप्रसिद्ध. खोकल्या-सर्दीला किंवा पोटातल्या जंतूंच्या उपचारात ते सर्रास लिहिले जाते. एरिथ्रोमायसिन, किटोकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, सायक्लोस्पोरिन, रक्तदाबाची व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम ही नावेही त्याच यादीत. नायट्यासाठी इट्राकोनॅझोलच्या गोळ्या तर आपल्या दमट हवेत घरोघरी असतात. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीसोबत स्नायू कमजोर होण्याची भीती असते, मूत्रपिंड अशक्त असेल तर अधिकच. जिना चढताना मांड्या भरून येऊ लागल्या तर सीपीके ही स्नायूंची रक्ततपासणी करावी आणि ते आजाराचे दुखणे समजून सोडून देऊ नये. ग्रेपफ्रूट टाळा असे पत्रकात असते. आपल्याकडे ते फळ कोण खातो, असे वाटेल. पण माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला, बांधतो तो पपनस त्याचा जनक आहे आणि तेच घटक त्यातही असतात. चवथ झाली की माटोळीचा पपनस सोलून वाटला जातो, त्या दिवशी या रुग्णाने हात आखडता घेतलेला बरा.

कोल्चिसिन मिळते अशी एक वनस्पती आपल्या कुंपणांवर पावसात लाल-पिवळी फुलते, तिचे नाव कळलावी, कुठे खड्यानाग. तिचा कंद ‘नैसर्गिक कोल्चिसिन’ म्हणून उगाळून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसापासून दूर राहावे. कंदात किती विष आहे हे मोजता येत नाही, आणि त्याने माणसे दगावतात.

आता पाठ. परीक्षणाचा खरा मुद्दा इथे आहे.

एफएमएफमध्ये सांध्याचे दुखणे दोन जातींचे. एक नेहमीचे: एकच मोठा सांधा, बहुधा गुडघा, घोटा किंवा खुबा, एकाएकी सुजतो, काही दिवसांत पूर्ववत होतो, मागे काही ठेवत नाही. याला कोल्चिसिन चांगले आवरते. दुसरी जात चिवट. काही थोड्या रुग्णांत खुबा किंवा गुडघा महिनोन्महिने सुजलेला राहतो, किंवा कणा कमरेच्या हाडांना जोडणारे दोन एसआय जॉइंट आणि कणा यांना दाह होतो. तापाचे झटके थांबलेले, सीआरपीही बऱ्यापैकी उतरलेले, आणि तरी माणूस पहाटे पाठ धरून उठतो. इथे कोल्चिसिन बहुधा एकटे पुरे पडत नाही. एफएमएफच्या झटक्यात पायरिन हे प्रथिन बेलगाम होऊन आयएल-१ हा दाहाचा संदेश सोडते. कोल्चिसिन त्या वाटेवर आणि झटक्याच्या जागी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींवर काम करते. कण्याच्या दाहात टीएनएफ आणि आयएल-१७ या दुसऱ्या संदेशांचा हात मोठा. त्या वाटेवर ही गोळी फारशी पोहोचत नाही.

म्हणून ‘ताप नाही, म्हणजे औषध लागू पडले’ हा निष्कर्ष पाठीपुरता चुकीचा. आणि ‘पाठ दुखतेच आहे, म्हणजे औषध फुकट’ हा त्याहून वाईट, कारण तो काढून माणसे गोळी सोडतात आणि मूत्रपिंडे उघडी पडतात. पाठीला वेगळे औषध सुरू झाले तरी कोल्चिसिन खालून चालूच राहते.

दाहाची पाठदुखी ओळखायची कशी? चाळिशीच्या आत, हळूहळू सुरू झालेली. पडून राहिले की वाढते, हालचालीने सुटते. रात्रीच्या उत्तरार्धात जाग आणते. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त. कधी डाव्या कुल्ल्यात खोलवर, कधी उजव्या. स्कूटरवर दिवसभर फिरून संध्याकाळी दुखणारी आणि झोपले की बरी होणारी पाठ ही दुसरी गोष्ट. एफएमएफमध्ये आणखी एक फसवे दुखणे असते: चालल्यावर किंवा बराच वेळ उभे राहिल्यावर पोटऱ्या आणि पावले दुखणे, जे विश्रांतीने जाते. ते कण्यातून येत नाही.

घरी एक मोजमाप करता येते. सरळ उभे राहून कमरेमागच्या दोन खळग्यांच्या रेषेवर खूण करायची, तिच्यावर १० सेंटिमीटर आणि खाली ५ सेंटिमीटरवर आणखी दोन. गुडघे न वाकवता पुढे वाका आणि वरच्या-खालच्या खुणांमधले १५ सेंटिमीटरचे अंतर पुन्हा मोजा. साधारण २० किंवा जास्त व्हायला हवे. मोजणारा माणूस आणि टेप दर वेळी तोच असावा, आणि वेळही तीच, कारण सकाळचा आकडा संध्याकाळपेक्षा कमीच येतो.

तपासणीत पैसे वाया जातात ते एमआरआयच्या चिठ्ठीवर. चिठ्ठीत ‘एलएस स्पाइन’ लिहिले की मणके आणि गाद्या दिसतात, एसआय जॉइंट कडेला अर्धवट येतात किंवा येतच नाहीत. अहवाल येतो ‘किरकोळ डिस्क बल्ज’, आणि तिशीतल्या माणसाला पट्टा बांधून घरी पाठवले जाते. चिठ्ठीत स्पष्ट हवे: एसआय जॉइंटचा एमआरआय, तिरक्या छेदात, टी१ आणि स्टर या दोन्ही प्रकारांत. स्टरमध्ये सांध्यालगतच्या हाडातले पाणी पांढरे चमकते, म्हणजे चालू दाह. टी१ मध्ये झिजलेल्या कडा आणि चरबी, म्हणजे जुना दाह. इंजेक्शनने रंग सोडण्याची सहसा गरज नसते. मूत्रपिंडाची तक्रार असलेल्याने तर तो आधी विचारून टाळावाच. नुकतीच बाळंत झालेली बाई आणि खूप पळणारा माणूस यांच्या सांध्यातही थोडी चमक दिसू शकते, ही माहिती रेडिओलॉजिस्टला द्यायची. साध्या एक्स-रेवर बदल दिसायला वर्षे जातात. तो निर्मळ आला म्हणून सुटका नाही. खुबे मात्र त्याच फिल्मवर नीट पाहून घ्यावेत. एफएमएफमध्ये खुबा जितका खराब होतो तितके मणके एकमेकांना चिकटून कण्याचा बांबू होत नाही, आणि खुबा बदलण्याची पाळी तरुण वयात येऊ शकते.

रक्ततपासणीतली एक चूक वारंवार होते. एचएलए-बी२७ ही जनुकीय खूण निगेटिव्ह आली की ‘स्पाँडिलायटिस (कण्याचा दाह) नाही’ असा शेरा पडतो. साध्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये बहुसंख्य रुग्ण बी२७ पॉझिटिव्ह असतात हे खरे, पण एफएमएफबरोबर येणाऱ्या एसआय जॉइंटच्या दाहात ते बहुधा निगेटिव्हच असते. तिथे नाव घ्यायचे ते एफएमएफच्या एमईएफव्ही या जनुकातल्या एम६९४व्ही या बदलाचे. तो असलेल्यांत सांध्याचे आणि मूत्रपिंडाचे दुखणे अधिक आढळते. हे जनुक १९९७ मध्ये सापडले, १६ व्या गुणसूत्रावर. जनुक अहवालात ई१४८क्यू दिसले तर लगेच निदानाचा शिक्का मारू नये. हा बदल भारतात धडधाकट माणसांतही भरपूर सापडतो. फक्त तेवढ्यावर जन्मभराची गोळी सुरू करणे चूक.

आणि या सगळ्याच्या आधी दोन गोष्टी खोडून काढायच्या, कारण आपण भूमध्य समुद्राकाठी राहत नाही. ताप आणि पाठदुखी एकत्र म्हटले की इथे पहिला संशय क्षयाचा, दुसरा ब्रुसेलाचा. ब्रुसेला कच्च्या दुधातून आणि जनावरे विण्याच्या वेळी हात लागून येतो, ताप वर-खाली करत राहतो आणि एसआय जॉइंट धरतो, बहुधा एकाच बाजूचा. पेडणे, सत्तरी, सांगे भागात गोठा असलेल्या घरात हा प्रश्न विचारायलाच हवा. पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, सांध्यांसाठी चिकनगुनिया. एफएमएफचा ताप १२ तास ते तीन दिवसांत आपोआप उतरतो आणि मधल्या काळात माणूस ठणठणीत असतो. आठवडाभर न उतरणारा ताप एफएमएफचा नसण्याचीच शक्यता जास्त.

आठवडाभर चालणारे आनुवंशिक तापही असतात, आणि तिथे कोल्चिसिनचे गुण घसरतात. टीआरएपीएस हा त्यातला एक, त्याचा झटका एक ते चार आठवडे चालतो. एमव्हीके जनुकाच्या बिघाडातला तीन ते सात दिवस, तान्हेपणापासून, लस टोचली की हमखास. क्रायोपायरिनच्या आजारात थंडीने अंगावर गांधी उठतात आणि काही मुलांत गुडघ्याची हाडे वेडीवाकडी वाढतात. या तिघांत ही गोळी भरवशाची नाही. टीआरएपीएसमध्ये तर पाठीसाठी इन्फ्लिक्सिमॅब दिले आणि ताप उलट भडकला, असे घडलेले आहे. निदान नेमके हवे ते यासाठी.

पाठीसाठी पुढची पायरी म्हणजे सूज उतरवणारी वेदनाशामके, पूर्ण मात्रेत आणि नियमित: नॅप्रोक्सेन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, किंवा एटोरिकॉक्सिब ६० ते ९० एकदा. एक दोन ते चार आठवडे घेऊन पाहायचे, जमले नाही तर दुसरे. ‘दुखले की एक’ अशाने पाठीतला दाह आटोक्यात येत नाही. लघवीत प्रथिन असेल किंवा क्रिएटिनिन वाढलेले असेल तर मात्र ही वाट बंद समजावी. सल्फासलाझिन आणि मेथोट्रेक्सेट गुडघ्या-घोट्याला उपयोगी पडतात, नुसत्या कण्याला नाही; त्यावर वर्ष घालवू नये.

दोन वेदनाशामके हरली की टीएनएफ रोखणारी इंजेक्शने, एटानरसेप्ट किंवा अ‍ॅडालिमुमॅब. अ‍ॅडालिमुमॅब दोन आठवड्यांतून एकदा ४० मिलिग्रॅम, कातडीखाली. त्याची भारतीय आवृत्ती २०१४ पासून मिळते, त्यामुळे किंमत खाली आली, तरी कोल्चिसिनच्या तुलनेत ती डोंगराएवढीच. सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, क्षयाची मांटू किंवा इग्रा, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही. क्षयाची तपासणी टाळून दिलेले इंजेक्शन आपल्या देशात जुगार आहे. साठवण २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या मधल्या फळीवर, बर्फाच्या खणाला न टेकवता. जूनमध्ये झाड पडून दिवस-दिवस वीज जाते तेव्हा बर्फाची पिशवी आणि थर्मोकोलचा डबा तयार हवा, आणि पिशवी व इंजेक्शनमध्ये पंचाची घडी. गोठलेले इंजेक्शन वितळवून वापरायचे नसते. ताप आणि पाठ दोन्ही हटत नसतील तर आयएल-१ रोखणारी अ‍ॅनाकिन्रा आणि कॅनाकिन्युमॅब आहेत, पण ती फार्मसीच्या फळीवर मिळणारी औषधे नव्हेत. तो निर्णय ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडेच, म्हणजे सांधेदाहाच्या तज्ज्ञाकडेच होतो. खर्चासाठी गोवा सरकारच्या विमा योजनेचे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्ड असेल तर लक्षात असू द्या की तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्याला चार लाख ही हद्द ठरलेल्या उपचारांना आहे. आपले इंजेक्शन त्यात बसते का, हे पहिल्या डोसाआधी लेखी विचारावे.

बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा खासगी डॉक्टरांकडे जाताना एक पान न्यावे: झटका कधी सुरू, कधी संपला, किती ताप, कुठे दुखले, त्याच्या शेजारी सकाळचा ताठरपणा किती मिनिटे आणि रात्री कितीदा जाग. दोन रांगा वेगळ्या ठेवल्या की कोल्चिसिन कुठे पास आणि कुठे नापास हे डॉक्टरांना लगेच दिसते.

गरोदरपणात आणि अंगावर पाजताना कोल्चिसिन बंद करायचे नसते, हे घरातल्या मोठ्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलेले बरे. मूत्रपिंड अशक्त असेल तर मात्रा कमी होते.

गोळी मुलांच्या हाती लागेल अशी कुठेही ठेवू नये, फ्रीजवरच्या टोपलीत तर नाहीच. चुकून जास्त पोटात गेली तर पहिले काही तास काहीच वाटत नाही, मग उलट्या-जुलाब होतात, ते थांबल्यासारखे वाटतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अवयव बसू लागतात. डायलिसिसने ती रक्तातून निघत नाही. लक्षणांची वाट न पाहता १०८ लावा, आणि उरलेली पट्टी सोबत न्या, म्हणजे किती गोळ्या गेल्या हे मोजता येईल.